‘…ने मिळेल’ या पाटीचा पत्ता

“संध्याकाळपर्यंत सांगतो,” असं टपालकाका काकूंना म्हणाले, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. प्रत्यक्षात सांगायला त्यांना दोन महिने एकोणीस दिवस लागले, आणि त्यात त्यांची उजवीकडची खालची दाढ गेली. दाढ तशीही किडलेलीच होती, असं डेंटिस्टचं म्हणणं. काकांचं म्हणणं, किडलेली असली तरी ती आपल्या जागी बसलेली होती, तिला उठवा असं कोणी सांगितलं नव्हतं.

काकूंचा प्रश्न साधा होता. त्यांच्या दादांनी घर रंगवायला काढलं, त्यानिमित्ताने जुन्या ट्रंका रिकाम्या केल्या आणि बहिणीच्या वाट्याची म्हणून एक पिशवी पाठवून दिली. पिशवीत विणकामाच्या सुया, बंद पडलेलं गजराचं घड्याळ, काकूंची दुसरीतली प्रगतिपुस्तिका आणि एक तपकिरी पाकीट होतं. पाकिटात तळहाताएवढा फोटो. उताराचा रस्ता, डाव्या हाताला दुकानांची रांग, मध्ये एक दिव्याचा खांब, आणि खांबाजवळ उभी एक बाई, तिचं बोट धरून तीनेक वर्षांची मुलगी. वरचा एक कोपरा कसरीने खाल्लेला. बाईचा चेहरा फोटो काढताना हललेला, त्यामुळे नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मागे काहीही लिहिलेलं नाही.

काकूंची आई त्या चार वर्षांच्या असताना गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. काकूंनी लगेच दादांना फोन लावला. दादा त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे, त्यामुळे आईच्या बाबतीत घरात त्यांचाच शब्द शेवटचा.

“आई कुठली असायला ती?” दादा म्हणाले. “आईची तब्येत तोळामासा. ती घराबाहेर पडायचीच नाही. आणि असल्या उताराच्या रस्त्यावर आपण कधी राहिलोही नाही. दुसऱ्या कोणाचा तरी फोटो चुकून ट्रंकेत आला असेल. देऊन टाक रद्दीत.”

काकूंनी फोन ठेवला. पण फोटोतल्या मुलीच्या उजव्या पायात बूट होता आणि डावा पाय अनवाणी होता. काकूंना अजूनही, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, टेबलाशी बसल्या की डाव्या पायातली चप्पल काढून टाकायची खोड होती. ती चप्पल शोधण्यात काकांच्या संसारातला बराच वेळ गेला होता. त्यामुळे मुलीबद्दल दोघांनाही शंका नव्हती. प्रश्न बाईचा होता.

“जागा कळली तर काहीतरी कळेल,” काकू म्हणाल्या. “अहो, कुठली असेल ही?”

आणि इथे काकांनी ते वाक्य टाकलं.

त्यांचाही इलाज नव्हता. माणूस चौतीस वर्षं पोस्टात सॉर्टिंगला होता. ‘मामांना मिळे, विहिरीजवळ, लाल दार’ एवढ्याच पत्त्याचं पाकीट त्यांनी बिनचूक पोहोचतं केलं होतं. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले की, यांनी सगळं आयुष्य पत्त्यांत घालवलं. ते ऐकून वरच्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडाने वर्षभर आपल्या मुलांना त्यांच्या घरी फिरकू दिलं नाही. पण बाकी गावात त्यांचा दबदबा होता. ज्याला पत्ता नाही अशी वस्तू जगात नसते, हे त्यांचं मत होतं आणि ते कोणी विचारलं नाही तरी ते सांगत.

संध्याकाळी काकांनी फोटो इमारतीच्या पायऱ्यांवर नेला. ही पहिली चूक. पायऱ्यांवर एखादी गोष्ट नेली की ती आपली राहत नाही.

समोरच्या वहिनींनी फोटो बघताच सांगितलं, “हे आमच्या आत्याचं घर.”

“कुठलं?”

“हे दिसत नाही ना, कोपरा खाल्लेला आहे तिथलं.”

फोटोतल्या एका दुकानाच्या पाटीवर दोन ओळी होत्या. वरची ओळ अर्धी खांबाआड आणि अर्धी कसरीच्या पोटात गेली होती. खालच्या ओळीचं नुसतं शेपूट उरलं होतं: ‘…ने मिळेल’. वहिनी म्हणाल्या, सवलतीने मिळेल, म्हणजे कापडाचं दुकान. तळमजल्यावरच्या भूगोलमास्तरांनी भिंग लावून ‘क्रमाक्रमाने मिळेल’ असा निर्णय दिला, म्हणजे रॉकेलचं दुकान. काकू जाता जाता ‘नशिबाने मिळेल’ असं म्हणून आत गेल्या.

भूगोलमास्तर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत त्यांना कोणीही काही विचारलं नव्हतं. त्यांनी फोटो घरी नेला, कंपासपेटी काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काकांचं दार वाजवलं.

“खांबाची सावली खांबाच्या दीडपट आहे,” ते म्हणाले. “म्हणजे सकाळचे आठ किंवा दुपारचे चार. ऋतू हिवाळा, नसल्यास उन्हाळा. रस्ता पूर्व-पश्चिम.”

“नक्की?”

“फोटो उलटा छापला नसेल तर नक्की. आणि हा जमिनीवरून काढलेला नाही. कॅमेरा बारा फुटांवर आहे. म्हणजे पहिल्या मजल्याची खिडकी. आपल्या गावात उताराचे रस्ते तीनच. टाकीचा, वखारीचा आणि शाळेचा. शाळेचा दक्षिणोत्तर आहे, तो बाद.”

काका मनातून हबकले, कारण हे सगळं त्यांनाच सुचायला हवं होतं. पण घाई न करता आधी रीतसर मार्गाने जायचं त्यांनी ठरवलं. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला सरळ रस्ता सापडला तरी तो आधी अर्ज करतो.

नगरपालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये जुने नकाशे आणि फोटो होते. तिथला कारकून मृदू आवाजाचा, कोणालाही न दुखावता परत पाठवणारा माणूस होता. त्याने अर्जाचा नमुना दिला. तिसऱ्या रकान्यात लिहिलेलं होतं: ‘जागेचा पूर्ण पत्ता’.

“पत्ताच तर शोधायचा आहे,” काका म्हणाले.

“बरोबर आहे. पण तो लिहिल्याशिवाय शोधता येणार नाही.”

काकांनी विचार करून ‘अज्ञात’ असं लिहिलं. कारकुनाने ते वाचलं, भिंतीवरच्या नकाशाकडे नजर टाकली आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला, “अज्ञात नावाचा भाग आपल्या हद्दीत येत नाही, काका.”

चौतीस वर्षांत अपुऱ्या पत्त्याची हजारो पाकिटं काकांनी परत पाठवली होती. स्वतः परत जाण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी टाकीचा रस्ता आणि वखारीचा रस्ता असे दोन अर्ज केले. उत्तर टपालाने येईल असं सांगण्यात आलं. ते तीन आठवड्यांनी आलं, आणि शेजारच्या इमारतीत पडलं. तिथल्या माणसाने ते उघडून वाचून, गटाराचा नकाशा आहे असं बघून, चार दिवसांनी आणून दिलं. नकाशा चुकीचा होता याचं काकांना काही वाटलं नाही. पाकिटावरचा पत्ता स्वच्छ अक्षरात बरोबर होता आणि तरी ते शेजारी पडलं, याने मात्र ते दोन दिवस जेवताना गप्प होते.

“तुम्ही होतात तेव्हा असं होत नव्हतं,” काकू म्हणाल्या.

“तेच म्हणतोय,” काका म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी टाकीच्या रस्त्यावर गेले.

मास्तरांच्या हिशोबाने खिडकी एकच बसत होती. वळणावरच्या इमारतीची, पहिल्या मजल्याची. तिथे आता डेंटिस्टचा दवाखाना होता. काका वर गेले आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले की त्यांना फक्त आतल्या खिडकीतून दोन मिनिटं बाहेर बघायचं आहे.

“आत फक्त पेशंट जातात,” ती म्हणाली.

“मला काही होत नाहीये.”

“मग जाता येणार नाही.”

काकांनी क्षणभर विचार केला आणि उजवीकडे थोडं दुखतं असं सांगितलं. हे अगदीच खोटं नव्हतं, कारण या वयात कुठे ना कुठे थोडं दुखतच असतं. तासाभराने त्यांना आत घेतलं. खिडकी खुर्चीच्या बरोबर पाठीमागे होती. डेंटिस्टने खुर्ची आडवी केली तेव्हा काकांना छत दिसलं. त्यांनी मान मागे टाकून, फोटो डोक्यावर उलटा धरून, उताराशी ताडून बघायचा प्रयत्न केला. तेवढ्यात त्यांचं तोंड आपोआप पूर्ण उघडलं, आणि डेंटिस्टला असा सहकार्य करणारा पेशंट बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

“ही ठेवण्यात अर्थ नाही,” तो आत बघत म्हणाला.

काका ‘खिडकी’ असं म्हणायचा प्रयत्न करत होते. तोंडात आरसा आणि कापूस असताना ‘खिडकी’ हा शब्द ‘किडकी’ असा ऐकू येतो. डेंटिस्ट म्हणाला, “हो ना, किडकीच आहे,” आणि त्याने सुई भरली.

सुन्न जबड्याने, कापसाचा बोळा चावत काका शेवटी खिडकीशी उभे राहिले. खालचा रस्ता डावीकडे उतरत होता. फोटोतला उजवीकडे उतरत होता. त्यांनी फोटो उलटा करून बघितला, उजेडाकडे धरून मागच्या बाजूनेही बघितला. काही केल्या जमेना. घरी आल्यावर मास्तर म्हणाले, “म्हणजे समोरच्या इमारतीची खिडकी असेल.” समोर कानाचे डॉक्टर होते. काका नाही म्हणाले. तोंड सुजल्यामुळे ते नीट उमटलं नाही, पण मास्तरांना समजलं.

राहता राहिला वखारीचा रस्ता. दाढेची जागा भरून येताच काका फोटो घेऊन तिकडे निघाले. मास्तर सोबत आले, कारण उताराचा कोन मोजायचा होता, आणि कोन मोजायचा म्हणजे पन्नास फुटी टेप हवी. टेपचं एक टोक मास्तरांनी न्हाव्याच्या दुकानाशी धरलं, दुसरं काकांनी रस्त्याच्या मध्ये. काका एकदा फोटोकडे बघत, एकदा दुकानांकडे, आणि आकडा सांगत. मास्तर तो वहीत लिहून घेत. दोघांच्या अंगावर निवृत्त सरकारी माणसांचे असतात तसे फिके सफारी होते.

न्हावी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आला.

“साहेब, माझी पायरी जाते का?”

काकांनी फोटो निरखून बघितला. ते सत्यवचनी गृहस्थ होते. “तेव्हा इथे पायरी नव्हती,” ते म्हणाले.

पुढे काय झालं ते काकांना दुसऱ्या दिवशी कळलं. जुन्या नकाशात पायऱ्या नाहीत आणि दोन अधिकारी जुनी रेघ धरून मोजणी करून गेले, ही बातमी रस्त्याच्या वरच्या टोकापर्यंत पोहोचायला दहा मिनिटं लागली. त्याच संध्याकाळी लोकांनी आपल्या हाताने नऊ पायऱ्या फोडल्या. पत्र्याची छपरं आत गेली, फळवाल्यांनी टोपल्या मागे घेतल्या, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच वखारीच्या रस्त्यावरून ट्रक सरळ, कोणाला शिव्या न देता वर गेला.

दुसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाच्या आधी भांड्यांच्या दुकानाचा मालक काकांकडे आला. सोबत एक नवाकोरा मिक्सर होता. तो त्याने टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “वहिनींना असू द्या. आमच्या दुकानापुढचे चार फूट तेवढे बघा.”

“कसले चार फूट?” काकूंनी विचारलं.

काकांनी सगळं समजावून सांगितलं. आपण रस्ता रुंद करत नाही, आपण फोटो शोधतोय. मालकाने समजूतदारपणे मान हलवली. “फोटो शोधताय. कळलं,” तो म्हणाला. “मी कोणाला बोलणार नाही.” आणि मिक्सर ठेवून निघाला. काकूंनी जिन्यावर गाठून तो त्याच्या हातात परत दिला, तेव्हा त्याचा चेहरा खरंच पडला. मिक्सर लहान पडला असं त्याला वाटलं.

चार दिवसांनी नगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयातून काकांना हजर राहण्याची नोटीस आली. हे पत्र मात्र थेट त्यांच्याच पेटीत, निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पडलं.

वखारीचा रस्ताही फोटोशी जुळला नव्हता. त्या संध्याकाळी काकूंनी फोटो पाकिटात घातला आणि पाकीट पिशवीत. “राहू द्या आता,” त्या म्हणाल्या. “दादा म्हणतो तसंच असेल. कोणीतरी बाई असेल. मला आपलं बोट धरायला दिलं असेल तिने.”

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण काकांनी त्यांच्याबरोबर अडतीस वर्षं काढली होती आणि कोणतं पाकीट जड आहे ते त्यांना हातात घेतल्याबरोबर कळत असे. सकाळी कार्यालयात जाताना त्यांनी पिशवीतलं पाकीट काढून खिशात घातलं, पुरावा म्हणून लागेल असं स्वतःला सांगत.

अधिकारी तरुण होता, नुकताच बदलून आलेला.

“रस्ता मोजायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?”

“कोणीच नाही. मी सासूबाईंना शोधत होतो.”

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. “हरवल्या आहेत?”

“वारल्या. साठ वर्षं होत आली.”

अधिकारी थोडा वेळ काकांकडे बघत राहिला. मग त्याने पेनाला टोपण लावलं आणि पाणी मागवलं, काकांसाठी की स्वतःसाठी ते स्पष्ट झालं नाही. काकांनी फोटो दाखवला, सगळी हकिगत सांगितली, दाढेची जागाही दाखवली. शेवटी त्यांच्याकडून लेखी घेण्यात आलं की यापुढे ते नगरपालिकेच्या हद्दीतला कोणताही रस्ता हातात टेप घेऊन बघणार नाहीत. काकांनी सही केली. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासलेल्या माणसाला अशा कागदावर सही करताना काय वाटतं, ते ज्याने केली त्यालाच माहीत. शिक्का मारायला कागद बाहेर पाठवताना अधिकाऱ्याने आवाज खाली आणला.

“एक सांगू का, तो रस्ता फार सुंदर मोकळा झाला. बाजारपेठेत कधी जाणार आहात का?”

शिक्का मारणारा जेवायला गेला होता. काका बाहेर बाकावर बसले. दारावर एक म्हातारा पेंटर जुन्या अधिकाऱ्याचं नाव खरवडून नव्याचं काढत होता. काकांनी खिशातून फोटो काढला आणि नुसताच बघत बसले. पेंटर रंग वाळण्याची वाट बघत होता. तो शेजारी येऊन बसला आणि फोटोत डोकावला.

“उस्तादांचं काम,” तो म्हणाला.

“कोणाचं?”

“पाटी बघा ना. हा ळ. खालची गाठ आत वळवली आहे. गावात असा ळ एकच माणूस काढायचा. बाकीचे सगळे दोन शून्यं चिकटवून मोकळे होतात. मीसुद्धा.” त्याने ते सहज सांगितलं. “मी त्यांचे ब्रश धुवायला होतो. ही पाटी चांगली आठवते, पाच वेळा पुसली होती त्यांनी. ‘सायकल भाड्याने मिळेल.’ सायकलचा स त्यांना पाहिजे तसा येत नव्हता.”

काका बाकाच्या कडेला सरकले. “कुठे आहे हे दुकान?”

“अजून आहे की. जुन्या स्टँडच्या मागे.”

“तिथे उतार नाही.”

“होता. पूल बांधला तेव्हा भराव घातला. सगळा रस्ता वर आला आणि दुकानं खाली गेली. आता चार पायऱ्या उतरून दुकानात जावं लागतं.”

म्हणजे मास्तरांच्या तिन्ही उतारांत तो नव्हताच. आणि त्या दुकानाची पाकिटं चौतीस वर्षं काकांच्या हातून गेली होती. हा विचार त्यांनी तिथेच बाकावर सोडला आणि शिक्क्याची वाट न बघता ते घरी गेले. कागद अजून तिथेच पडला आहे.

“चल,” ते काकूंना म्हणाले.

“कुठे?”

“चल तर खरं.”

दुकान खरोखरच जमिनीत रुतल्यासारखं होतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याची पाटी गुडघ्याच्या उंचीवर दिसे, आणि म्हणूनच बहुतेक कोणाला दिसत नसे. पाटी नवी होती. आत तिशीची एक मुलगी बॅटरीच्या सायकलीचं चाक सोडवत होती आणि मागे खुर्चीवर तिचे आजोबा बसले होते, पंच्याऐंशीच्या पुढचे, हातावर तेलाचे जुने डाग आता वयाच्या डागांत मिसळून गेलेले. काकांनी नमस्कार केला आणि फोटो त्यांच्या हातात दिला.

आजोबांनी तो लांब धरला, जवळ घेतला, परत लांब धरला.

“खांब,” ते म्हणाले.

“काय?”

“अरे, हा खांब बघ. या खांबाने माझ्या किती सायकली खाल्ल्या. उतारावरून लोक यायचे ते थेट याच्यावर. अर्धा धंदा भाड्याचा आणि अर्धा याच्यामुळे.” मग त्यांचं बोट खांबावरून सरकलं आणि थांबलं.

“या गुरुवारच्या बाई,” ते म्हणाले.

काकू पायरीवरच बसल्या.

“नाव कधी सांगितलं नाही त्यांनी. गुरुवारी दुपारी यायच्या, म्हणून आम्ही आपलं गुरुवारच्या बाई म्हणायचो. सोबत ही छोटी. हिला पायरीवर बसवायच्या आणि तासभर सायकल घ्यायच्या. ही बया एक बूट काढून माझ्या तेलाच्या डब्यात टाकायची. दर गुरुवारी. मी पुढे डबाच उचलून ठेवायला लागलो.”

“ती मी,” काकू म्हणाल्या.

आजोबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या पायांकडे. “तो बूट कधी स्वच्छ झाला नसेल,” ते म्हणाले.

“माझी आई सायकल शिकत होती?”

“शिकत होती म्हणजे काय, मी धरायला जायचो तर रागवायच्या. हात सोड म्हणायच्या. तीनदा पडल्या. हा फोटो तिसऱ्यांदा पडल्यावरचा. समोर माळ्यावर माझ्या मेहुण्याचा स्टुडिओ होता. त्याने नवा कॅमेरा आणला होता, खिडकीतून दिसेल त्याचे फोटो काढत सुटला होता. पुढचं चाक वाकलं म्हणून मी सायकल आत नेली, तेवढ्यात त्याने वरून हाक मारली, बाई, इकडे बघा. पुढच्या खेपेला प्रत त्यानेच दिली त्यांना.”

“चेहरा हललाय,” काका म्हणाले.

“हसत होत्या ना. गुडघा फुटलेला आणि हसतायत. माणूस हसला की हलणारच.”

काकूंनी फोटो परत घेतला आणि त्या पुसट चेहऱ्याकडे बघत राहिल्या. नातीने चाक सोडवणं थांबवलं होतं. तिने एक स्टूल पुढे केलं, पण काकू पायरीवरून उठल्या नाहीत.

“कशाला शिकत होती पण?” त्यांनी विचारलं. “कुठे जायचं होतं तिला?”

“मी विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, येत नाही म्हणून.”

आजोबांनी पुढचंही सांगितलं. चौथ्या गुरुवारी बाई उतारावरून खालपर्यंत गेल्या आणि वळून परत आल्या, न पडता. मग छोटीला कॅरिअरवर बसवलं. आजोबा तेव्हा पंचविशीचे, ते भीतीने मागे धावत गेले, पण त्यांना गाठता आलं नाही. पावसाळ्यापर्यंत त्या येत राहिल्या. मग एका गुरुवारी आल्या नाहीत. आजोबांनी दोन-तीन गुरुवार ती सायकल दुसऱ्या कोणाला दिली नाही. पुढे दिली.

परत येताना काका आणि काकू चालतच आले. वाटेत काका एकदा म्हणाले, “मास्तरांना सांगायला हवं, सावलीवरून त्यांनी दुपार ओळखली होती.” काकू हो म्हणाल्या.

घरी आल्यावर काकूंनी चहा टाकला, काकांपुढे कप ठेवला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन दादांना फोन लावला. काका स्वयंपाकघरात डावीकडून चहा पीत बसले. त्यांना एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

“दादा, ती आईच आहे.”

“सायकल शिकत होती.”

“सायकल. दोन चाकांची. कोण सांगतं म्हणजे? मी मागे कॅरिअरवर बसले होते.”

“नाही, मला आठवत नाही. पण बसले होते.”

मग बराच वेळ दादाच बोलत असावेत. काकांचा चहा निवला. ते कप तसाच ठेवून दारापर्यंत आले. काकू खिडकीशी उभ्या होत्या, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून.

“कुठल्या गुडघ्याला?” त्या म्हणाल्या. “आणि पट्टी तू बांधली होतीस?”

त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली, जसे दादा समोर बसले आहेत.

“जिन्यावरून नाही रे,” काकू म्हणाल्या. “तुला तसं सांगितलं तिने. उतारावर पडली होती. आणि पुढच्या गुरुवारी सायकल आली तिला.”